पेन्सिलीतलं खोबरेल

माझं अक्षर वाचायला त्रास होईल, हे आधीच सांगून टाकते. ऱ्हस्वदीर्घ मला कधी साधलं नाही. शाळेत मास्तरांनी एकदा सांगितलं होतं की शंका आली तर दीर्घ करावं, आणि मला तर शंका नेहमीच यायची. शिवाय आता बोटं वाकडी झालीत, ओळ डावीकडून निघते ती उजवीकडे पोचेपर्यंत खाली घसरते. चौथी झालेल्या बाईकडून याहून जास्त कुणी मागू नये. ही वही मी कुणाला दाखवणार नाहीच. पण माझ्यामागे कपाट आवरताना कुणाच्या हाती लागली, तर चुका सुधारत बसू नका, नुसती वाचा. लिहिते आहे ती पेन्सिलीने. पेनाशी माझं कधी जमलं नाही. पेन्सिलीतलं मात्र मला थोडंफार कळतं. ते कसं कळायला लागलं आणि त्यापायी आमच्या घरावर काय आलं होतं, तेवढंच लिहायचं आहे.

आमचं घर रेवदंड्याला, वाडीच्या टोकाशी. वाडी म्हणजे नारळ-सुपारीची बाग, आमची अगदी लहान, वीस-बावीस माड आणि त्यांच्या सावलीत पोफळी. सकाळी जाग यायची ती रहाटाच्या कुरकुरीने. गाडगी भरून वर यायची, पन्हळीत रिकामी व्हायची, आणि पाणी पाटाने झाडांकडे जायचं. मधेच कुठेतरी माडाचं वाळलं झाप धप्पकन पडायचं. समुद्र घरातून दिसत नसे, पण ऐकू येई, आणि त्याची खार सगळ्या वस्तूंवर बसे. कुलपं, कात्र्या, दाराच्या कड्या, सगळ्यांना गंज. त्यावर आईचं एकच औषध, ते म्हणजे खोबरेल. घरच्याच नारळाचं घाण्यावरून काढून आणलेलं. डोक्याला ते, दिव्याला ते, रहाटाच्या कण्याला ते, भाजलं-कापलं तरी ते. स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात तेलाची बाटली असे आणि तिच्या बुचाला दोरा बांधलेला असे, कारण मी बूच हरवायची.

अप्पा, म्हणजे माझे वडील, इब्राहिमशेठच्या पेढीवर कारकून होते. शेठ गावोगावच्या वाड्यांतले नारळ विकत घेत आणि गलबतात भरून मुंबईच्या व्यापाऱ्याला पाठवत. माल चढताना कुणाच्या वाडीचे किती, त्यात मोठे किती, बारके किती, हे लिहून घ्यायचं काम अप्पांचं. बंदरावर शाई चालत नसे. खाऱ्या पाण्याचा एक शिंतोडा उडाला की तीनशेचे काय होतील ते कळायचं नाही. शिसं पाण्याला दाद देत नाही. म्हणून बंदरावरची कच्ची वही पेन्सिलीची आणि पेढीवरची पक्की वही शाईची. गडी दोन्ही हातांनी नारळ फेकत मोठ्याने मोजत. एक हा आकडा मात्र कुणी उच्चारत नसे. हिंदू गडी ‘लाभ’ म्हणून सुरुवात करी, मुसलमान गडी ‘बरकत’ म्हणून, आणि मग दोन, तीन, चार. अप्पा उभे राहून ऐकत आणि लिहीत. त्यांच्या त्या वहीवर सगळ्या वाडीवाल्यांचे पैसे ठरत, आणि कारकुनाने आकडा चोरला असं दहा वर्षांत एकाही माणसाने म्हटलं नव्हतं.

मी बाराव्या वर्षात होते तेव्हा अप्पांचे डोळे गेले. अगदी गेले असं नाही. माणूस ओळखू येई, वाट दिसे, पण जवळचं सगळं धुक्यातलं. अलिबागच्या डॉक्टरांनी सांगितलं, मोतीबिंदू आहे, अजून पिकला नाही, पिकल्याशिवाय काढत नाहीत, वर्ष-दोन वर्षं थांबा. त्या काळी तसंच होतं. (माझ्या स्वतःच्या डोळ्यांचं काम गेल्या वर्षी एका सकाळी झालं आणि दुपारी मी घरी येऊन जेवले. अप्पांना हे सांगायला हवं होतं, असं त्या दिवशी फार वाटलं.) वर्ष-दोन वर्षं खायचं काय, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही. बंदरावर ज्याला दिसत नाही असा कारकून कोण ठेवेल? आई म्हणाली, “कुणाला बोलायचं नाही. यमे, तू तर नाहीच.” मला निराळं सांगायची गरज नव्हती. मी तशीही कुणाशी बोलत नसे. पाहुणे आले की कोठाराच्या दारामागे उभी राहायची, आणि शाळेत चार वर्षांत मी आपण होऊन मास्तरांना एकही प्रश्न विचारला नव्हता.

अप्पा निभावत होते. आकडे मोठे काढत, हाताच्या सवयीने. पानाच्या कडेला डाव्या हाताचं बोट ठेवून ओळीगणिक खाली सरकवत. अडचण आली ती पेन्सिलीला टोक करायची. चाकूने टोक करताना त्यांनी दोनदा अंगठा कापून घेतला, आणि दुसऱ्यांदा वहीच्या पानावर रक्त सांडलं. शेठनी ते पाहिलं. त्यांना वाटलं, म्हातारपण, हात थरथरतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी अप्पांच्या हातावर एक चांदीची पेन्सिल ठेवली. “चाकू फेका तो, कारकून. ही आमच्या अब्बांनी बसऱ्याहून आणली होती. हिला टोक करावं लागत न्हाय, नुसती फिरवायची. पेढीची चीज हाय, सांभाळा म्हणजे झालं.” शेठनी दया केली, आणि अप्पा घरी आले ते कपाळाला हात लावूनच. टोक करणं एकवेळ अंदाजाने जमलं असतं. या पेन्सिलीत घालायचं शिसं होतं सुईएवढं बारीक, आणि ते त्यांना मुळीच दिसत नव्हतं.

मग ते माझं काम झालं. करंगळीएवढी लांब, पण वजनदार पेन्सिल. अंगावर बारीक लाटा कोरलेल्या, माथ्याला टोपण, आणि टोपणाखालच्या पोकळीत जादा शिशाच्या चार-पाच काड्या. वरचा भाग उजवीकडे फिरवला की आतला मळसूत्राचा दांडा शिसं पुढे ढकलायचा. भरायची पद्धत अशी: आधी उजवीकडे फिरवतच राहायचं, इतकं की तोंडातून आतली पितळी सुई बाहेर डोकावेल आणि उरलेला तुकडा गळून पडेल. मग डावीकडे शेवटपर्यंत फिरवून सुई आत घ्यायची. मग नवी काडी तोंडातून सरळ आत सरकवायची, आणि पाटावर टोक हलकेच टेकवून दाबायची, धरल्याचं बोटाला कळेपर्यंत. घाई केली की काडी तोंडातच मोडते. अशी मोडली की खराट्यातला एक हीर घ्यायचा, तो नखाने तासून बारीक करायचा, आणि त्याने तुकडा मागून पुढे काढायचा. तारेने काढायचा नाही, तारेने तोंड फाकतं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात मी सहा काड्या मोडल्या आणि सहाव्यानंतर शिकले. रोज संध्याकाळी चुलीच्या उजेडात बसून मी ती भरायची. आई तांदळाची भाकरी थापत असायची, तव्यावर सुकट परतलेली असायची, आणि अप्पा पाटावर बसून माझ्या हाताकडे बघत, म्हणजे बघितल्यासारखं करत. भरून झाली की ते टोक अंगठ्याच्या नखावर ओढून पाहत. “आली रेघ?” “आली, अप्पा.” एवढंच आमचं बोलणं. पण त्या दिवसांत माझ्याइतकी महत्त्वाची मुलगी रेवदंड्यात दुसरी नाही, असं मला मनातून वाटे.

दिवाळीनंतर पेन्सिल कुरकुरायला लागली. फिरवताना आत वाळू असल्यासारखं लागे. खाऱ्या वाऱ्याने पितळेवर हिरवट धरलं होतं. आता कुरकुर म्हटली की आमच्या घरात करायचं काय, हे ठरलेलंच. मी हिराचं टोक खोबरेलात बुडवलं आणि एक थेंब टोपणाखालून आत सोडला. चार वेळा उजवी-डावी फिरवली. पेन्सिल अशी फिरू लागली की हाताला कळूही नये. अप्पा म्हणाले, “काय केलंस गं? लोण्यासारखी झाली.” मी नुसती हसले. सांगितलं असतं तर कदाचित कुणीतरी थांबवलंही असतं. पण आपली एक युक्ती आपल्याजवळ असावी, असं वाटलं. पुढे चार-आठ दिवसांनी एकेक थेंब मी घालतच राहिले. शिशाची पूड त्यात मिसळून आत काळा लगदा होतो आहे, हे मला बाहेरून दिसत नव्हतं.

पौषात थंडी पडली. आमच्याकडे थंडी म्हणजे तुमच्या लेखी काहीच नाही, पण त्या साली तीन-चार दिवस पहाटेचा वारा असा सुटला की माणसं उन्हात येऊन बसली तरी बोलेनात. लोक वाडीत मडक्यात वालाच्या शेंगा भाजत आणि त्या निमित्ताने जाळापाशी बसत. त्या दिवसांत गलबत आलं नव्हतं. अप्पा वखारीतच असत, पेन्सिलीचं काम फारसं नव्हतं. मग गलबत लागल्याचा निरोप आला, पहाटेच्या भरतीला माल चढवून ओहोटीबरोबर निघायचं. मी आदल्या संध्याकाळी नवी काडी भरली. चुलीपाशी ती नेहमीसारखी फिरली. अप्पा उजाडायच्या आधी निघून गेले.

सूर्य वर आल्यावर आईने मला वेणी घालायला बसवलं. “बाटली आण,” म्हणाली. मी कोनाड्यातून बाटली काढली आणि तिरपी केली, तर तेल हलेना. पांढरंशुभ्र, मेणासारखं. आई म्हणाली, “थिजलंय. चुलीपाशी धर थोडं.” मी बाटली धरून चुलीसमोर बसले आणि कडेकडेने तेल सुटताना बघत राहिले. पेन्सिल बंदरावर होती. तिथे चूल नव्हती.

मी आईला म्हटलं, “मी पेन्सिलीत तेल घातलंय.”

आईला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिने माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि लगेच म्हणाली, “जा. पळ. अर्ध्या वेणीनं जा.”

बंदरावर आम्हा मुलींना जायला बंदी नव्हती, पण जात नसू. तिथे नुसते पुरुष. खलाशी, हमाल, गाडीवान, आणि त्यांच्या शिव्या. मी गावाच्या जुन्या कोटाच्या दरवाजातून परकर हातात धरून पळत सुटले. वाळत घातलेल्या बोंबलांच्या वलांडीखालून वाकून गेले, एका बाईने ओरडून विचारलं, “कंची गो पोर ही, घरात कोन मेला?” आणि मी थांबले नाही. मला एकच दिसत होतं. अप्पा पेन्सिल फिरवतात, ती फिरत नाही, ते उघडून पाहायला जातात, आणि त्यांना काही दिसत नाही, हे साऱ्या बंदराला दिसतं.

पोचले तर तसं काहीच झालं नव्हतं. गडी नारळ फेकत होते, आकडे चालले होते. शेठचा पुतण्या सुलेमान, ज्याला ही कारकुनी आपल्या मेव्हण्याला मिळवून द्यायची होती, तो एका पेटीवर बसून होता. मुंबईच्या व्यापाऱ्याचा माणूस आपली वही घेऊन पलीकडे उभा होता. आणि अप्पा ताठ उभे राहून लिहीत होते. मला वाटलं, सुटलो. मी हळूच त्यांच्या कोपराशी गेले आणि वहीत पाहिलं.

वरच्या चार ओळी उमटल्या होत्या. पाचवी पुसट. त्याखाली सगळं पान कोरं. अप्पांचा हात चालत होता, पेन्सिलीचं चांदीचं तोंड कागदावर फिरत होतं, आणि कागदावर नुसत्या खोबणी पडत होत्या. बाहेर होतं तेवढं शिसं झिजून गेलं होतं आणि पुढचं आलंच नव्हतं. त्यांनी फिरवली असणार, जोर लावून फिरवली असणार, काहीतरी हललंसं वाटलं असणार. कोऱ्या पानावर ते लिहीतच गेले होते.

आज इतक्या वर्षांनी मला वाटतं, त्यांना कळलं असावं. शिसं कागदावर कसं चालतं आणि धातू कसा चालतो, हे त्या हाताला कळणार नाही असं नाही. पण कळून करणार काय? थांबले असते तर थांबण्याचं कारण सांगावं लागलं असतं. नंतर विचारलं तेव्हा म्हणाले, थंडीने बोटं बधिर होती. मी पुन्हा विचारलं नाही.

मी त्यांच्या अंगरख्याला धरून म्हटलं, “अप्पा, उमटत नाही.”

त्यांचा हात थांबला नाही. ओठ न हलवता म्हणाले, “कुठपासून?”

“पाचव्या ओळीपासून.”

समोर गडी ओरडला, “साठ! दामूच्या वाडीचे मोठे झाले हो कारकून, आता बारके!” अप्पांनी मोठ्याने “साठ, मोठे” असं परत म्हणत ते लिहिलं आणि पेन्सिल धरलेला हात पाठीमागे घेतला. मी ती घेतली. बर्फासारखी गार होती. मी ती काखेत दाबून धरली. अंगाच्या उबेने तेल सुटेल, एवढंच डोक्यात होतं. तिकडे ‘लाभ, दोन, तीन’ सुरू झालं होतं. अप्पा आकडे मनात धरून उभे होते आणि त्यांच्या मानेवर त्या थंडीत घाम दिसत होता. गलबतावरून खलाशांचा म्होरक्या तांडेल ओरडला, “कारकून, हात आवरा, पानी उतरतंय!” मी काखेतून पेन्सिल काढली, तोंडात धरली, तिच्यावर श्वास सोडला, आणि फिरवली. आत बारीक ‘कट्’ झालं आणि वरचा भाग गरगर मोकळा फिरू लागला. मळसूत्र तुटलं होतं.

त्यानंतर मी काय केलं, ते मी ठरवून केलं नाही. टोपण काढलं, खालच्या काड्या तळहातावर ओतल्या, एक चिमटीत धरली, अप्पांच्या हातातली वही ओढून घेतली आणि खाली बसले. काडी आडवी धरून कोऱ्या पानावर घासली. कागद काळा होत गेला आणि खोबणी पांढऱ्या राहिल्या. चाळीस. पंचावन्न. साठ. अप्पांचे आकडे एकामागून एक वर आले, पाण्याखालून आल्यासारखे. बोटांत काडी मोडली, दुसरी घेतली. अप्पांनी वरून म्हटलं, “दामू, बारके, एकोणचाळीस,” आणि मी ते शेवटच्या ओळीखाली लिहिलं. पुढचा आकडाही लिहिला. त्याच्या पुढचाही. नुसती शिशाची काडी बोटांत धरून लिहीत होते, आणि काडी बोटात रुतत होती.

“आ छोकरी शुं लखे छे?” मुंबईचा माणूस त्याच्या गुजरातीत म्हणाला, ही पोरगी काय लिहिते म्हणून. सगळे बघायला लागले. सुलेमान पेटीवरून उठला. “आज काय, बाप नुसता उभा आन् बेटी कारकून? कारकून, वही दाखवा जरा.”

“मोजणी होऊ द्या,” अप्पा म्हणाले. आवाज अगदी साधा होता. “ओहोटी कुणासाठी थांबत नाही. मग बघा.”

मोजणी झाली. मुंबईच्या माणसाने आपली बेरीज वाचली. अप्पांनी तोंडीच आपली सांगितली. ती त्यांनी मनात धरली होती. दोन्ही एकच आल्या. तांडेलने शीड सोडलं आणि गलबत खाडीतून बाहेर निघालं. मला वाटलं, आता तरी घरी जाऊ. मागे वळले तर इब्राहिमशेठ उभे होते. ते कधी आले ते मला कळलं नव्हतं. उंच, मेंदी लावलेली दाढी, हातात काठी. त्यांनी माझ्या हातातली वही घेतली, ते काळं पान उजेडाकडे धरून पाहिलं.

“हे काय झालं, कारकून?”

अप्पांच्या आधी मीच म्हटलं, “मी पेन्सिलीत खोबरेल घातलं. ते थिजलं. माझी चूक आहे.”

“तेल तू घातलंस, बाय,” शेठ म्हणाले. “पण कोऱ्या पानावर आकडे कुणी लिवले?”

अप्पांनी डोक्याची टोपी काढली आणि हातात धरली. “मला जवळचं दिसत नाही, शेठ. दीड वर्ष झालं.”

सुलेमान हसला. “सुभानल्ला! चाचा, दीड वरीस पेढी आंधळ्याच्या हाती होती.”

“तू गप,” शेठ म्हणाले. मग अप्पांकडे वळले. “तुम्ही मला फसवलंत.”

“आकडा कधी चुकला, शेठ?”

“न्हाय चुकला. म्हणून तर हितं उभा राहून बोलतोय. चुकला असता तर बोललो पन नसतो.” त्यांनी पेन्सिल माझ्या हातातून घेतली, फिरवून पाहिली, तिचा तो मोकळा गरगर आवाज ऐकला, आणि त्यांचं तोंड असं झालं की मला त्यांच्या रागापेक्षा तेच सोसेना. त्यांच्या वडिलांची वस्तू होती. “उद्यापासून बंदरावर येऊ नका. लोकांना कळलं की माझ्या मापावर कोण विश्वास ठेवील?”

“आणि दुरुस्तीचे?” सुलेमान म्हणाला. “मुंबईच्या घड्याळवाल्याकडं धाडावी लागेल. ह्यांच्या राहिलेल्या पगारातनं कापा.”

“पगारातून नको,” मी म्हटलं. इतक्या मोठ्याने म्हटलं की एक हमाल वळून बघायला लागला. “मी देईन.”

शेठ हसले नाहीत. “कशातनं?”

“सुपारी सोलीन,” मी म्हटलं, कारण त्या वेळी मला दुसरं काहीच आठवेना.

पुढचे दिवस मला नीट आठवत नाहीत, किंवा आठवायचे नाहीत. अप्पा ओटीवर बसून वाल सोलत. न दिसणाऱ्या माणसाला ते जमतं. रहाट तसाच कुरकुरे. आई मला तेलावरून एक अक्षर बोलली नाही, आणि तिने बोलावं म्हणून मी मुद्दाम तिच्यासमोर बाटली उघडी टाकी. पंधरा दिवसांनी शेठचा निरोप आला. गलबतातून मुंबईला जा, भाडं लागणार नाही, मोठ्या दवाखान्यात डोळे दाखवा. शिमग्यापर्यंत सुलेमान लिहील. तोवर दिसायला लागलं तर जागा तुमची, नाही तर माझा इलाज नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, पिकलाय. एका डोळ्याचं काम केलं. शिमग्याच्या चार दिवस आधी अप्पा जाड भिंगाचा चष्मा लावून घरी आले, दारात थांबले, माझ्याकडे पाहून म्हणाले, “यमू, तू एवढी उंच कधी झालीस?” आणि आई आत निघून गेली.

त्याच खेपेला दुरुस्त झालेली पेन्सिलही आली. तांडेलने घड्याळवाल्याचा निरोप अख्ख्या बंदराला ऐकवला, “तो इचारीत व्हता, ह्याच्यान तेलाचा लाडू कोनी भरला?” खर्च आला पाच रुपये. शेठनी पेन्सिल अप्पांना परत दिली आणि पैशांचं काही बोलले नाहीत. पण मी बोलले होते.

शेठच्या आईला सगळे बीअम्मा म्हणत. त्यांच्या मागच्या अंगणात बायका सुपारी सोलायला बसत. मी तिथे जाऊन बसू लागले. पहिले काही दिवस नखांतून रक्त यायचं, आणि बीअम्मा माझ्यापुढे हळदीची वाटी सरकवायच्या, बोलायच्या नाहीत. बायका मात्र बोलायच्या. “काय गो, तेलवाली,” असंच त्यांनी मला नाव पाडलं. मी मान खाली घालून सोलायची. मिळालेले पैसे त्याच अंगणात बीअम्मांच्या हातावर ठेवायची, कधी दोन आणे, कधी एकच. त्या ते एका पत्र्याच्या डब्यात टाकत. पावसाळ्यात काम नसे तेव्हा मी घरी झापं विणून देई. दिवाळी आली, गेली. रोज संध्याकाळी मी अप्पांची पेन्सिल भरत होतेच. आता त्यांना काडी दिसत होती, पण ते म्हणत, तुझाच हात बरा. तेल मी घालत नव्हते. कोरड्या कापसाने पुसायची, आणि महिन्यातून एकदा टोपण काढून दुपारच्या उन्हात ठेवायची. एवढंच तिला लागतं.

पुन्हा पौष आला तेव्हा एका दुपारी मी शेवटचे दोन आणे बीअम्मांना दिले आणि म्हटलं, “झाले.” त्या म्हणाल्या, “बस.” डबा आणला, चटईवर पालथा केला. सगळी चिल्लर तशीच होती, माझीच, मला काही नाणी ओळखूही आली. बीअम्मांनी चष्मा लावला, नाणी आण्या-आण्याच्या वाटणीने सरकवू लागल्या. “बरकत, दोन, तीन, चार...” अंगणातल्या बायकांचे हात थांबले होते. पाच रुपयांचे ऐंशी आणे रात्री अंथरुणात मी कितीदा मोजले होते, पण मनातली मोजणी, तिचा काय भरवसा. “अठ्ठ्याहत्तर, एकोणऐंशी, ऐंशी.” बीअम्मांचं बोट थांबलं. चटईवर एक आणा अजून उरला होता.

त्यांनी तो उचलला आणि माझ्या हातावर ठेवला. मी घेईना. चूक माझी होती, आणा राहू दे, असं मी म्हणायला लागले, तर त्यांनी माझी मूठ आपल्या हाताने मिटवली.

“पाच रुपये पुरे झाले,” बीअम्मा म्हणाल्या. “हा पेढीचा न्हाय. हा तुझा.”